उंबऱ्यावरची टोपी

कबूला आमच्या म्क्वाजुनी गावात आली ती एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि एक लाल छत्री घेऊन. आमच्या दवाखान्यात नर्स म्हणून तिची बदली झाली होती. नर्सच्या खोलीचं छप्पर मागच्या वादळात उडून गेलं होतं, आणि सरकारी छप्पर एकदा उडालं की परत येत नाही. तेव्हा गावातल्या चार शहाण्यांनी ठरवलं की पोरीला कोंडोच्या घरी ठेवावं. थोरला मुलगा शोमारी तेवढा शहरात असायचा. बाकी त्या घरात दोन मुलगे, त्यांच्या बायका, एक विधवा बहीण, कुणाकुणाची भाचरं, आणि मुलं तर इतकी की मोजायला बसलं की एखादं मधेच उठून पळायचं. त्यात आणखी एक माणूस आलं तरी कुणाच्या ध्यानात येणार नाही, असा शहाण्यांचा अंदाज होता.

अंदाज सपशेल चुकला.

म्हातारा कोंडो ओट्यावर कॉफी पीत बसला होता. त्याने पोरीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि दोनदा खोकला. काहीही बोलण्याआधी तो दोनदा खोकायचाच.

"कुठली गं तू?"

"टबोराकडची, आजोबा."

"म्हणजे न्यामवेझी?"

"हो."

म्हातारा ताडकन उठला. डावा पाय ओढत चालणारा माणूस इतक्या चपळाईने उठू शकतो हे घरातल्यांनाही नवीन होतं. "चाउसिकु! अगं ए चाउसिकु, बाहेर ये! देवाने आपल्या घरी हमाल धाडलाय!" असं बायकोला ओरडून सांगत त्याने कबूलाच्या हातातली छत्री काढून घेतली, फटकन उघडली आणि लख्ख कोरड्या दिवशी डोक्यावर धरून तो मशिदीकडे चालू लागला. वाटेत जो भेटेल त्याला सांगत होता, "माझी आहे. आताच चोरली."

कबूला अंगणात उभीच राहिली. आपली छत्री परत मागावी की नाही, हेच तिला कळेना.

कोंडोची माणसं झारामो, किनाऱ्यावरची. कबूलाची माणसं न्यामवेझी, दूर आतल्या मुलखातली. जुन्या काळी न्यामवेझी डोक्यावर हस्तिदंत घेऊन महिनोन् महिने चालत आमच्या समुद्रापर्यंत यायचे. त्यात भांडणं झाली, मारामाऱ्या झाल्या, आणि शेवटी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी कंटाळून ठरवलं की आता आपल्यात फक्त थट्टेचं नातं. ज्याच्याशी हे नातं असतं तो आपला म्तानी. म्तानी वाटेल ते बोलतो, घरातून वाटेल ते उचलतो, लग्नात नवरदेवाची खिल्ली उडवतो, मयताला गेला तर मेलेल्यालाही सोडत नाही. आपण रागवायचं नाही. आपणही त्याला सवाई उत्तर द्यायचं, त्याचंही काहीतरी लांबवायचं. उत्तरच दिलं नाही तर मात्र फार वाईट. राग तरी आपल्या माणसाचा येतो; गप्प राहणं म्हणजे त्याला परका मानणं.

हे सगळं कबूलाने ऐकलेलं होतं. पण तिचे आईवडील ती लहान असतानाच गेले आणि ती मिशनच्या वसतिगृहात वाढली. तिथे जेवताना बोलायचं नाही, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, आणि सापडलेली वस्तू नीट पुसून ज्याची त्याला द्यायची. पोरगी गुणाची निघाली. इतकी गुणाची की आमच्या घरांत जड जावी.

पहिल्या दिवशी तिला वेगळी ताटली आणि चमचा दिला. पाहुणीच ती. कोंडोने आपल्या परातीवरून उठून तिच्या ताटलीतला मासा उचलला आणि तिच्यादेखत खाल्ला. दुसऱ्या दिवशी तिला ताटली मिळालीच नाही. धाकटी सून हिदाया म्हणाली, "सिस्टर, परातीवर बसा आमच्याबरोबर. वेगळं वाढलं की म्हातारा त्यातलं पळवतो. परातीत निदान भांडायला तरी मिळतं." मग ती बायकांच्या परातीवर बसू लागली. नारळाच्या भाताचा आपल्यापुढचाच भाग खायचा, मासा मधे असतो आणि तो आजी वाटते, हे ती शिकली. पहाटे हिदायाबरोबर विहिरीवर जाऊ लागली. मुलं तिच्या खोलीत शिरून तिच्या पेटीवर झोपू लागली. रात्री कुणाचं मूल कुणाच्या अंगावर पाय टाकून झोपलंय याची त्या घरात कुणी चौकशी करत नाही, तशी तिनेही करायची सोडली.

पण बोलणं मात्र जमेना. म्हातारा रोज सकाळी ओट्यावर तिची वाट पाहत बसायचा.

"काय गं हमालीण, डोकं बघ कसं सपाट आहे! पणजोबाचं ओझं उतरलं, पण खूण राहिली."

"शुभ सकाळ, आजोबा."

"तुम्हा लोकांना चाल म्हटलं की समुद्रापर्यंत चालता, आणि थांब म्हटलं की उभ्याने झोपता!"

"गोळी घेतलीत का, आजोबा?"

म्हातारा बायकोकडे बघायचा. बायको दुसरीकडे बघायची. कबूला दवाखान्याकडे निघून जायची आणि वाटभर तिला सुचत राहायचं की आपण असं म्हणायला हवं होतं, तसं म्हणायला हवं होतं. सुचायचं ते सगळं चिंचेच्या झाडापाशी, आणि तोवर म्हातारा मागे राहिलेला असायचा.

पुढे तिला एक शंका येऊ लागली. नर्सच ती, रोगाची शंका आधी येणार. म्हातारा वस्तू विसरू लागला होता. एकदा त्याची काठी तिच्या दाराला टेकवलेली सापडली. एकदा कॉफीचा पेला तिच्या खिडकीत. एकदा तपकिरीची डबी तिच्या वहाणेत. तिने प्रत्येक वेळी वस्तू पुसली आणि अदबीने दोन्ही हातांनी नेऊन दिली. "आजोबा, तुमचा पेला माझ्याकडे राहिला होता." म्हातारा पेला घ्यायचा, त्यात डोकावायचा आणि बाजूला ठेवायचा. कबूलाला वाईट वाटायचं. बिचाऱ्याची आठवण चालली, असं तिने दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही सांगितलं.

मागनगाची गोष्ट तिला हिदायाने सांगितली. ती खवणीवर बसून नारळ खवत होती, कबूला तांदूळ निवडत होती.

"म्हाताऱ्याचा खरा म्तानी मागनगा. तुमच्याकडचाच. घायपाताच्या मळ्यावर पानं तोडायला आला, मळा बंद पडला तरी राहिला. ओढ्यापलीकडे घर होतं त्याचं. जन्मभर दोघं एकमेकांना शिव्या घालत जगले. मी लग्न होऊन आले ना, तर हा मागनगा अंगणात उभा राहून ओरडतोय, या घरात पोरगी देऊ नका, ही माणसं ढोल ऐकला की शेत विकून नाचायला जातात! माझे वडील घाबरले. परत न्यायला निघाले होते मला."

"मग?"

"मग काय, कोंडोबाबांनी त्याची कोंबडी कापून आम्हाला जेवू घातलं. मागनगा सगळ्यात जास्त जेवला." हिदाया हसली आणि खवणी थांबवून म्हणाली, "गेल्या वर्षी गेला तो. वयाने लहान, पण आधी गेला. तिरडी उचलली तसे बाबा त्याचा फाटका सदरा घालून, कमरेला त्याचा कोयता लावून वाटेत आडवे झाले. म्हणाले, ऊठ रे लबाडा, माझ्या आधी जायला तुला कुणी सांगितलं? रांगेत घुसतोस? लोक हसून हसून रडले. त्याच्या बायकोला दोन दिवस घास गेला नव्हता, ती हसली आणि मग जेवली. बाबा मात्र घरी आले आणि त्या दिवशी काही खाल्लं नाही त्यांनी. एवढंच म्हणाले, आता मला कोण अडवणार?"

कबूलाच्या हातातलं सूप थांबलं. तिच्या वडिलांना पुरलं तेव्हा कुणीही हसलं नव्हतं. सगळे भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि तिला एका ननने गप्प राहिल्याबद्दल शाबासकी दिली होती. तेव्हापासून ती गप्पच होती म्हणायला हरकत नाही.

दोन दिवसांनी तिच्या उंबऱ्यावर टोपी सापडली. पांढरी, बारीक भरतकामाची. चाउसिकुने लग्नाच्या वर्षी स्वतः टाके घालून केलेली, आणि म्हातारा ती शुक्रवारशिवाय डोक्याला लावत नसे. कबूलाने ती धुतली, सावलीत वाळवली, पालथ्या वाटीवर घालून तिचा आकार नीट केला आणि चाउसिकुच्या हातात नेऊन ठेवली.

"आजी, आजोबांची टोपी. हल्ली फार विसरतात ते. शहरात नेऊन एकदा दाखवायला हवं."

चाउसिकु चुलीपुढे बसली होती. तिने टोपी उलटसुलट पाहिली. मग कपाळाला हात लावला.

"मुली, तुला खरंच कळत नाही, की शिकलेली माणसं अशीच असतात?"

"काय, आजी?"

"अगं, तो विसरत नाहीये! त्याला मागच्या पन्नास वर्षांतला कुणी कुणाचा नारळ चोरला ते आठवतं. तो ठेवतोय. तू चोरावंस म्हणून ठेवतोय. काठी ठेवली, तू आणून दिलीस. पेला ठेवला, तू घासून आणून दिलास. घासून! तपकीर ठेवली. आता माझ्या हातची टोपी ठेवली. मला विचारून ठेवली, मी म्हटलं ठेव बाबा, हिला एवढी तरी मोठी वस्तू दिसेल. आणि तू तिला इस्त्री करून आणलीस!"

कबूलाला कानापर्यंत लाज वाटली. तिने टोपीकडे हात केला, पण चाउसिकुने ती मागे घेतली. "आता नाही. माझ्या हातून घेतलीस तर ते दान झालं. उद्या ठेवेल तो परत. डोळे उघडे ठेव."

त्या रात्री कबूलाने अंथरुणावर पडल्या पडल्या सगळं ठरवलं. उद्या टोपी उचलायची, घालूनच दवाखान्यात जायचं, आणि म्हातारा ओरडला की काय म्हणायचं, ते तिने तीन-तीनदा मनात म्हणून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर काही नव्हतं. म्हातारा ओट्यावरही नव्हता. आत खाटेवर पडून होता, पाय सुजून खांबासारखे झाले होते आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती. कबूलाने औषध दिलं, उशा उंच केल्या. शहरातल्या इस्पितळात न्यायची गोष्ट निघाली तर म्हातारा म्हणाला, तिथे मला ओळखून शिव्या घालणारं कोण आहे? आणि गेला नाही.

टोपी खुंटीवर होती, हातभर अंतरावर. आजारी माणसाची टोपी कशी पळवायची? कबूलाने ती तशीच राहू दिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने सगळ्यांना बाहेर काढलं आणि तिला जवळ बोलावलं. दोनदा खोकला. त्या खोकल्यातही आता दम नव्हता.

"हमालीण."

"हो, आजोबा."

"मागनगाला मी अडवलं होतं. मला तू अडव. गावात दुसरं कुणी नाही. ही सगळी माझी पोरं रडत बसतील, आणि रडणाऱ्यांच्या खांद्यावरून जायचं म्हणजे मला लाज वाटेल. अडवशील?"

तिला हो म्हणायचं होतं. तिला म्हणायचं होतं, तुम्हाला सुखाने जाऊ देईन असं वाटलं काय? पण तोंडातून आलं ते दवाखान्यातलं. "असं काही बोलू नका, आजोबा. तुम्हाला काही होत नाही. विश्रांती घ्या."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे कूस बदलली.

"असं परक्यासारखं बोलू नकोस गं," तो म्हणाला. एवढंच.

शुक्रवारी सकाळी कबूला बाळांना लस टोचत होती तेव्हा हिदाया दवाखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. खांद्यावरचा कांगा, आमच्या बायका पांघरतात ते रंगीत कापड, तिने डोक्यावर ओढून घेतला होता, त्यावरूनच कळलं.

शोमारी दुपारपर्यंत शहरातून आला. बंदरावर मोठ्या हुद्द्यावर होता तो, बोलणं मोजकं, बूट चकचकीत. आल्यापासून त्याने सगळं अंगावर घेतलं. पाणी कुठे तापवायचं, कापड कुणी फाडायचं, कबर किती खोल, सगळं तोच सांगत होता. डोळ्यांत टिपूस नाही. धाकटे भाऊ खांबाला धरून रडत होते तर त्यांना म्हणाला, "रडायला वेळ आहे, आधी चटया घाला." जरा वेळाने तो बायकांच्या बाजूला आला आणि कबूलापाशी थांबला.

"सिस्टर, तुम्ही वडिलांचं खूप केलंत. आम्ही आभारी आहोत. पण मी ऐकलंय की इथे तो जुना प्रकार होणार आहे. माझ्या वडिलांच्या तिरडीपुढे तमाशा नको. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला समजेल."

"हो," कबूला म्हणाली. तिला खरंच समजलं. त्याचा आवाज एका जागी धरून ठेवलेला होता, भरलेली घागर धरतात तसा.

ती आत बायकांत जाऊन बसली. मधे चाउसिकु होती, पाठ भिंतीला, डोळे कोरडे. तिने काल रात्रीपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. बायका तिला पेला देत होत्या आणि ती तो तसाच खाली ठेवत होती. बाहेर पुरुषांचे आवाज वाढले, दुवा सुरू झाली. आता उचलतील. कबूलाने वर पाहिलं. खुंटीवर टोपी होती, तिच्याखाली पांढरा पायघोळ अंगरखा, कोपऱ्यात काठी.

परक्यासारखं बोलू नकोस गं.

ती उठली. टोपी काढून डोक्यावर घातली, अंगरखा कपड्यांवरूनच चढवला, काठी घेतली. हिदायाच्या तोंडावर हात गेला. चाउसिकुने मान वर केली.

पुरुषांनी तिरडी नुकतीच खांद्यावर घेतली होती. समोर शोमारी. दारातून डावा पाय ओढत, काठी आपटत कबूला बाहेर आली आणि अंगणाच्या तोंडाशी, अगदी वाटेच्या मधोमध, उभी राहिली. अंगरखा लांब होता, पायात येत होता.

"सिस्टर," शोमारी दातांतून म्हणाला, "बाजूला व्हा."

कबूला दोनदा खोकली.

मागे ओट्यावर कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. तो खोकला हुबेहूब होता. इतके महिने रोज सकाळी ऐकलेला, घशात अडकलेल्या काट्याला दमात घेणारा.

"चाउसिकु!" कबूला ओरडली. आवाज तिचा होता आणि नव्हता. "अगं, कॉफी आहे का, की तीही हमालांनी टबोराला नेली?"

आत बायकांत खसखस पिकली. कबूलाने काठी तिरडीवर रोखली.

"कोंडो! अरे आळश्या! जन्मभर ओट्यावर लोळलास, आणि आजही चालत निघायचं नाव नाही? पाय कुणाला विकलेस? मला रोज हमाल म्हणायचास. बघ, वर डोकं काढून बघ एकदा! आज सगळ्या गावाला हमाल करून चाललायस! आणि मजुरी कोण देणार रे, तुझा नारळ?"

आता हसू आवरेना. तिरडी धरलेली माणसंही हसू लागली आणि तिरडी हलू लागली. कबूलाच्या गालांवरून पाणी वाहत होतं, तिला ते पुसायला वेळ नव्हता.

"आणि माझी छत्री? चोरा! माझी छत्री दिल्याशिवाय हलू देणार नाही. पोरांना सांग आणायला. ए हमीसी… नाही, साली… नाही, तू रे, कोण तू, रमझान…" कोंडो नेहमी असाच हाका मारायचा. इतक्या पोरांत हवं ते नाव कधी पहिल्या झटक्यात सापडायचं नाही, घरातली सगळी नावं संपल्यावर शेवटी खरं यायचं. कबूला काठी हलवत एकेक नाव घेत राहिली, चिडत राहिली, आणि मग पाय आपटून ओरडली, "शोमारी!"

"आलो, बाबा!"

शोमारीच्या तोंडून ते निघून गेलं. जन्मभराच्या सवयीने, मान वर करून, पोरासारखं. मग आपण काय बोललो ते त्यालाच ऐकू आलं. तिरडीचा दांडा शेजाऱ्याने सावरला, कारण शोमारी गुडघ्यांवर बसला होता आणि हसत होता, आणि ते हसणं मधेच फुटून तो हमसाहमशी रडू लागला. भाऊ त्याच्याजवळ आले. कुणी कुणाला गप्प केलं नाही.

आत चाउसिकुने आधी तोंडावर कांगा धरला. मग तिचे खांदे हलू लागले. "मेली, खोकलाही चोरलान् त्याचा," ती म्हणाली, आणि हसता हसता ती पेला उचलून पाणी प्यायली.

बऱ्याच वेळाने शोमारी उठला, तोंड पुसलं, घरात गेला आणि लाल छत्री घेऊन आला. ती म्हाताऱ्याच्या खाटेखाली होती, फडक्यात गुंडाळून ठेवलेली. त्याने ती कबूलापुढे धरली. कबूलाने घेतली, उघडली आणि तिरडीच्या डोक्याशी धरली.

"चल आता," ती हळू म्हणाली. "ऊन लागेल, आजोबा."

आमच्याकडे बायका कबरस्तानात जात नाहीत. चिंचेच्या झाडापर्यंत ती छत्री धरून चालली, आणि तिथे तिने ती शोमारीच्या हातात दिली. पुढे कबरीपर्यंत त्याने ती बापाच्या डोक्यावर धरली. शहरातला साहेब, पांढऱ्या कपड्यांत, लाल फुलाफुलांची बायकी छत्री घेऊन, आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

सुतकाचे दिवस संपले. परातीवर पुन्हा मासे आले, मुलं पुन्हा भांडू लागली. शोमारी कबूलाशी फारसा बोलला नाही, समोर आला की मान झुकवायचा आणि "सिस्टर" म्हणून पुढे जायचा. छत्री मात्र त्याच्याकडेच राहिली. टोपी, अंगरखा आणि काठी तिने धुऊन चाउसिकुपुढे ठेवली तर ती म्हणाली, "काठी न् अंगरखा दे पोरांना. टोपी तू चोरलीस, ती तुझी. पुन्हा परत करायला आणलीस तर चुलीत घालीन." मग टोपी कबूलाच्या पेटीत गेली.

शोमारी शहरात परत जायचा होता त्या सकाळी कबूलाने दार उघडलं. उंबऱ्यावर एक बूट होता. काळा, चकचकीत, डाव्या पायाचा. नाडी अर्धी सुटलेली, कुणीतरी अगदी सहज विसरल्यासारखा.

तिने इकडेतिकडे पाहिलं. अंगणात चिटपाखरू नव्हतं. चाउसिकुच्या घरात इतक्या सकाळी अंगण रिकामं असणं हेच मुळी विचित्र होतं. स्वयंपाकाच्या खोपटामागे कुणीतरी मुलांना गप्प करत होतं.

कबूलाने पुसायला कांग्याचा पदर उचलला. मग तो सोडला. तिने बूट उचलला, आत घेतला आणि कडी लावली.

जरा वेळाने अंगणातून आवाज आला. "आई! माझा बूट कुठे गेला? बस चुकेल माझी!" शोधणाऱ्याचा आवाज असा नसतो.

"मला काय विचारतोस?" चाउसिकु खोपटातून ओरडली. "घरात हमाल ठेवलाय, त्याला विचार!"

दारावर थाप पडली. "ए हमालीण! बूट टाक बाहेर!"

कबूला पेटीवर बसली होती, बूट मांडीवर. या वेळी तिला चिंचेच्या झाडापर्यंत जावं लागलं नाही.

"तुझ्या बापाने छत्री चोरली, ती तू घेऊन चाललास!" ती आतून ओरडली. "बंदरावरच्या साहेबाला म्हणावं, एका पायाने जा! समुद्रकाठच्या लोकांना तसंही दोन पाय कशाला लागतात, एक नाचायला पुरतो!"

बाहेर सगळं घर हसलं. त्या घरात किती माणसं आहेत ते तेव्हा नीट कळलं. शोमारी बापाच्या जुन्या चपला घालून, निरभ्र आभाळाखाली लाल छत्री उघडून बसकडे निघाला, आणि वाटेत जो भेटेल त्याला सांगत गेला की माझ्या बहिणीने माझा बूट पळवला.